पटेल ते द्या

कंधार
१८ जानेवारी २०१६

चि. श्रीमंत यास,
शेषेमामाचा जय भीम.

फोन करू नकोस. तू लातूरहून ओरडतोस, मी इथून ओरडतो, आणि तुझी मामी तोंडाला पदर लावून हसत बसते. कान गेले तरी डोळे आणि हात शाबूत आहेत. मी सारा जन्म पोस्टात काढला, शेवटी पोस्टमास्तर होऊन घरी बसलो. मला कागदावर लिहिलेलंच खरं वाटतं. तेव्हा उत्तर कागदावरच दे.

मुद्द्यावर येतो. तुझी आई परवा मामीशी फोनवर बोलली. विष्णुपुरीला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेला माझ्या बहिणीचा मुलगा म्हणे दुकानदारांना सॉफ्टवेअर देत फिरतो, आणि किंमत विचारली की म्हणतो, ‘पटेल ते द्या.’ मी मामीला पुन्हा पुन्हा विचारलं, नीट ऐकलंस ना? बहिरा मी आहे की तू?

श्रीमंता, दारात भिक्षापात्र घेऊन उभे राहणारे भन्तेजी ‘पटेल ते द्या’ म्हणत असतील, तर ते मला कळतं. ते काही विकत नाहीत. तू विकतोस. आमच्या पोस्टात कार्डाला पन्नास पैसे म्हणजे पन्नास पैसे. कलेक्टर आला तरी तेवढेच, सालगडी आला तरी तेवढेच. म्हणून लोक डोळे झाकून पेटीत पत्र टाकायचे. ज्या वस्तूला किंमत नाही तिची किंमत दुसरीकडून वसूल होत असते, हे मी खिडकीत बसून शिकलो.

लातुरात प्यायला पाणी नाही, पण तुझ्या धंद्यात कुठंतरी पाणी मुरतंय. खरं सांग, तुझ्या मागे कोण आहे? कुठली कंपनी? त्यांना दुकानदारांचं काय पाहिजे? तुझं नाव श्रीमंत ठेवलंय, तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा अशी गत करून घेऊ नकोस. आणि दुसऱ्याचा वाळा काढून घ्यायच्या भानगडीत तर अजिबात पडू नकोस.

तुझा,
शेषेमामा

*

लातूर
२९ जानेवारी २०१६

ती. मामांस,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र आईनं दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ‘पाणी मुरतंय’ इथं ती हसली, म्हणजे तिलाही तोच संशय आहे.

माझ्या मागे कोणी नाही. पुढेही कोणी नाही. सॉफ्टवेअरचं नाव ‘शिल्लक’. दुकानदारानं आलेला माल एकदा मोबाईलमध्ये टाकला की कोणता माल संपत आला आणि कशाची तारीख उलटत आली, ते शिल्लक त्याला आधीच सांगतं. औषधवाल्याच्या गोळ्या फुकट जात नाहीत, किराणावाल्याचं बेसन सडत नाही. एवढंच. ही माहिती दुकानदाराच्या मोबाईलमधून बाहेर जात नाही. मलासुद्धा दिसत नाही.

किंमत का नाही, ते सांगतो. यंदा इथं बाजारात डाळ आहे, गिऱ्हाईक नाही. क्लासच्या पोरांना पाण्यापायी सुट्ट्या देऊन टाकल्या, त्यांच्यावर चालणाऱ्या खानावळी आणि झेरॉक्सवाले माश्या मारून राहिलेत. पाण्याचा जारवाला रोज सकाळी नवा भाव सांगतो आणि आम्ही मुकाट्यानं देतो. त्या जारवाल्याकडं बघूनच मला वाटलं, अडलेल्याला भाव सांगणारा आणखी एक माणूस कशाला? कोणाला काय झेपतं ते मी माझ्या खोलीत बसून कसं ठरवू? त्यांनी महिनाभर वापरावं आणि मग आपल्या मनानं द्यावं. माणसाला मोकळं सोडलं तर तो लबाडी करत नाही, असं मला वाटतं. मला हे करून बघायचंच आहे.

एक गोष्ट आईनं सांगितली नसेल. पुण्याच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली आहे. मार्चअखेर हो किंवा नाही कळवायचं आहे. गेलो तर आई इथं एकटी टाकीपाशी घागर घेऊन उभी राहणार, कारण ती घर सोडून येत नाही. शिल्लकवर आमचं दोघांचं भागलं तर मी राहतो. नाही भागलं तर जातो. मनाशी एवढंच ठरवलंय.

फेब्रुवारीत कंधारला येतो. तुमच्या बाजारात चार दुकानांत शिल्लक बसवून बघतो. हात जोडून एकच विनंती. कोणी विचारलं तरी किंमत सुचवू नका. ‘पटेल ते द्या’ एवढंच सांगा. नाहीतर माझ्या सगळ्या खटाटोपाला अर्थ राहणार नाही.

आपला,
श्रीमंत

*

कंधार
२४ फेब्रुवारी २०१६

चि. श्रीमंत यास,
जय भीम.

तू दोन दिवस राहून दुकानांत ते शिल्लक बसवून गेलास, आणि इकडं माझ्या ओट्यावर बाजार भरला. मेडिकलवाला बसलिंगप्पा सकाळी आला. त्याच्या मागून स्टँडजवळची किराणावाली धुरपताबाई आली. खत-बियाणेवाला अण्णाराव तर चहाच्या वेळेलाच येतो, तो का मागे राहील?

सगळ्यांचा एकच सवाल. ‘मास्तर, तुमचा भाचा काय इकून राहिला?’

अण्णारावनं तर पार गणित मांडलं. म्हणाला, ‘उदगीर नवा जिल्हा होनार म्हनतेत. मंग कंधार इकडं का तिकडं, कुनाला ठाव? नवं हाफिस येनार, नवे साहेब येनार. त्यांना आदुगरच पायजे, कुनाच्या दुकानात किती माल हाय ते. म्हनून पोरगं फुकटात वाटून राहिलं.’ मी म्हटलं, अरे, माझ्या भाच्याला साहेब लोक ओळखत असते तर तो एसटीच्या मागच्या सीटवर बसून इथं आला असता का? त्यावर बसलिंगप्पा म्हणाला, ‘तसेच येतेत.’

आता खरं सांगू का? त्यांना मी दटावलं, पण रात्रभर माझ्या मनात तेच घोळत राहिलं. तू म्हणतोस, मलासुद्धा माल दिसत नाही. मग महिन्याकाठी हे दुकानदार तुझ्यावर खूश आहेत की नाही हे तुला कसं कळणार? तुला काहीच बघायचं नाही, काहीच ठरवायचं नाही, मग तू नक्की करतोस काय? ज्याला काहीच नको असतं त्याची मला फार भीती वाटते.

त्यांना काय उत्तर द्यायचं ते तू सांगून गेला होतास, तेच दिलं. पटेल ते द्या. पुढं ओट्यावर बरंच बोलणं झालं. ते सगळं लिहीत बसलो तर पाकिटाला जादा तिकीट लागेल.

तुझा,
शेषेमामा

*

लातूर
१० मार्च २०१६

ती. मामांस,
सविनय जय भीम.

इथला पहिला महिना भरला. आधी लातूरचं ऐका. एका दुकानदारानं एक रुपया पाठवला आणि वर फोन करून पावती मागितली. पुष्कळांनी काहीच पाठवलं नाही, आणि रस्त्यात दिसले की पलीकडच्या बाजूनं जातात. बी-बियाणेवाले रेवणसिद्ध यांनी मला मानानं दुकानात बोलावलं, चार माणसांसमोर टॉवेल-टोपी दिली, ‘लई हुशार पोरगं’ म्हणून पाठ थोपटली. पैशाचं नाव नाही. मी टोपी घालून घरी आलो. आई म्हणाली, आता ही टोपी जारवाल्याला दे.

आणि कंधार! मामा, कंधारच्या प्रत्येक दुकानातून पैसे आले. कोणाचे साडेतीनशे, कोणाचे चारशे, अण्णारावांचे तर पाचशेच्या वर. तेही महिना भरायच्या आधीच, मी आठवण न करता. मी आईला ओरडून सांगितलं, बघ, माणसाला मोकळं सोडलं तर तो लबाडी करत नाही!

पण मग रात्री तुमच्यासारखंच झालं. विचार घोळू लागला. लातूरची माणसं वाईट आणि कंधारची तेवढी साधू, असं कसं असेल? माल तोच, दुष्काळ तोच. फरक एकच आहे. कंधारात तुम्ही आहात.

मामी आईला सांगत होत्या, तुम्ही कानाचं मशीन घ्यायला नांदेडला जाणार होता, पैसे बाजूला काढले होते, आणि अचानक ‘आत्ता नको’ म्हणालात. मामा, स्पष्ट विचारतो. ते पैसे दुकानदारांच्या हातून माझ्याकडं येऊन राहिलेत का? मी पुण्याला जाऊ नये म्हणून? आईनं तुम्हाला सांगितलं का तसं? असेल तर आत्ताच सांगा. मला दया नको. माझ्या वस्तूचे पैसे पाहिजेत.

आपला,
श्रीमंत

*

कंधार
१९ मार्च २०१६

श्रीमंत,

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. मी कानाचं मशीन आत्ता घेत नाही, कारण मला ते नको आहे. बहिरं असण्यात सुख आहे. आणि तू हिशोब लावतोस की मामा पेन्शनीतून लपूनछपून भाच्याला भीक घालतोय! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बसून लिहितो. माझ्या पेन्शनीतला एक रुपयाही कोणा दुकानदाराच्या हातात गेलेला नाही. जे पैसे आले ते ज्याच्या त्याच्या गल्ल्यातून आले. हे वाक्य दोनदा वाच.

आता माझा प्रश्न. गेल्या आठवड्यात तुमच्या दारात पुण्याची गाडी उभी होती. काचा काळ्या, आत दोन माणसं. तुझ्या आईनं, आमच्या नागूनं, त्यांना चहा दिला, घरात पाणी नसताना. ती मामीला सांगत होती. ते कोण होते? शिल्लक विकत घ्यायला आले होते ना? म्हणजे आधी ‘पटेल ते द्या’ म्हणून गावोगावची दुकानं गोळा करायची, आणि मग सगळी गोणी एकदम विकून टाकायची. अण्णारावचा संशयच खरा की काय? मी या माणसांच्या समोर रोज बसतो, श्रीमंत. ते तुला ओळखत नाहीत. मला ओळखतात. त्यांना फसवलंस तर तो माणूस मी ठरेन.

शेषेराव

*

लातूर
२८ मार्च २०१६

ती. मामांस,
सविनय जय भीम.

गाडीतले लोक नोकरी देणाऱ्या कंपनीचे होते. ते सोलापूरला चालले होते, वाटेत मला समजवायला थांबले. शिल्लक त्यांना नको, मी पाहिजे होतो.

तुमचं ते वाक्य दोनदा वाचलं. तुमच्यावर संशय घेतला त्याची माफी मागतो. ज्याच्या त्याच्या गल्ल्यातून आले म्हणता, म्हणजे त्यांच्या मनातून आले. मला एवढंच पाहिजे होतं. आज सकाळी पुण्याला नकार कळवला. आई देवळात जात नाही म्हणून, नाहीतर पेढे वाटले असते.

तुमच्या शब्दावर राहिलो, मामा.

आपला,
श्रीमंत

*

लातूर
२१ एप्रिल २०१६

शेषेराव सोनकांबळे यांस,

परवा मी कंधारला येऊन गेलो. तुम्ही कान दाखवायला नांदेडला गेला होता. मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, म्हणून जेवलो.

जयंतीला मिरवणूक बघायला येता आलं नव्हतं, म्हटलं निदान सगळ्या दुकानदारांना भेटून आभार मानावेत. पहिल्यांदा धुरपताबाईंकडं गेलो. त्यांनी मला पोत्यावर बसवलं, गूळ-शेंगदाणे दिले, आणि मी ‘तुम्ही आपल्या मनानं साडेतीनशे दिले’ म्हणालो तर पार वेड्यासारखं माझ्याकडं बघू लागल्या.

‘मनानं? आरं, मास्तरानं हजार सांगितले व्हते! म्या म्हनलं, हजारात माझं समदं दुकानच इकत घे की. लई घासाघीस केली. न्हाईच ऐकंना म्हनून उठून चालाया लागले, तवा मास्तरानं मागून हाक मारली. साडेतीनशेवर आनलं बग!’

त्या हे सांगताना किती खूश होत्या! मग मी बसलिंगप्पांना विचारलं, अण्णारावांना विचारलं. सगळ्यांना तुम्ही हजार सांगितले. सगळ्यांनी ते पाडले. अख्ख्या गल्लीनं ते ऐकलं, कारण तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. बहिरं असण्यात सुख आहे, हे तुम्ही का लिहिलंत ते तिथं कळलं. हजाराचं कळलं नव्हतं ते फक्त मला.

तुम्ही खोटं बोलला नाहीत. पेन्शनीतला एक रुपयाही गेला नाही हे खरंच. विचारलं तेवढंच उत्तर दिलंत, खिडकीवरच्या कारकुनासारखं. आणि मी त्या उत्तरावर नोकरी सोडून बसलो. माणूस मोकळेपणानं देतो असं समजून मी राहिलो, आणि इथं तर तोच जुना बाजार. मी हात जोडून एकच गोष्ट मागितली होती, मामा. एकच.

कालच मी कंधारच्या प्रत्येक दुकानदाराला छापील चिठ्ठी पाठवली आहे. तीत लिहिलंय, ‘तुम्हाला सांगितलेली हजाराची किंमत कधी नव्हतीच. मास्तरांनी मला न विचारता सांगितली. मे महिन्यापासून काहीही द्या, किंवा काहीच देऊ नका. शिल्लक बंद होणार नाही.’

आता खरं काय ते दिसेल. मग मी पुन्हा पुण्याचं बघेन, ती जागा असली तर. उत्तराची घाई नाही.

श्रीमंत धावारे

*

कंधार
३० एप्रिल २०१६

चि. श्रीमंत यास,

मला पूर्ण नावानं पत्र लिहिणारा तू पहिला भाचा. लिही. पण माझं ऐकून घे.

त्या लोकांनी ते शिल्लक मोबाईलमधून काढून टाकायचं ठरवलं होतं. हे मी तुला लिहिलं नाही. बसलिंगप्पा संध्याकाळी पुन्हा आला, बसला, आणि खालच्या आवाजात काहीतरी बोलला. मला ऐकू येईना. तेव्हा त्यानं कानाशी येऊन विचारलं, ‘मास्तर, पटेल ते म्हंजे किती? खरं सांगा, पुढं काय वाढून ठेवलंय?’ त्याच्या तोंडावर भीती होती. चोरीचा माल हातात आल्यासारखा तो मोबाईल धरून बसला होता. त्याला तुझं सॉफ्टवेअर आवडलं होतं रे! त्याच्या गोळ्यांची एक पेटी त्यानं वाचवली होती. पण भावाशिवाय वस्तू ठेवून घ्यायची त्याची छाती होईना.

मी दोनदा म्हटलं, पटेल ते. तो उठला आणि मोबाईलमधून शिल्लक पुसायला लागला. म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हजार.’

हजार म्हणताच माणूस जागा झाला. ‘हजार? लुटून राहिलात का मास्तर?’ असं ओरडून खाली बसला, पायातल्या चपला काढल्या, चहा सांगायला लावला. तोवर चोरासारखा बसला होता, आता गिऱ्हाइकासारखा बसला. तो शंभर म्हणाला, मी कपाळाला हात लावला. असं करत करत चारशेवर आलो. जाताना तो मला म्हणाला, ‘मास्तर, आता झोप लागंल.’

दुसऱ्या दिवशी ओळ लागली. मी काय करू? पोस्टात ज्यानं कधी पाच पैसे कमी-जास्त केले नाहीत, तो मी या वयात भाजीवाल्यासारखा ओट्यावर बसून घासाघीस करत होतो. आणि तुला सांगतो, मला मजा येत होती.

नागूनं मला काही सांगितलं नव्हतं. पण ती माझी धाकटी बहीण आहे आणि जिथं पुढं पाण्याच्या टाकीपाशी पाच माणसांनी जमायचं नाही असा हुकूम निघाला, त्या गावात एकटी राहणार होती. हे माझ्या मनात नव्हतं असं म्हणणार नाही. मला तू जायला नको होतास. झालं?

तुझ्या चिठ्ठ्या आल्या. गल्लीत पुन्हा कुजबुज सुरू झाली आहे. अण्णाराव माझ्यासमोरून गेला आणि थांबला नाही. मी कोणाला काही बोललेलो नाही आणि बोलणार नाही. बुद्धवंदनेला बसतो तेव्हा सुद्धा तेच मनात येतं, की त्या पोरानं राहायचं की जायचं ते आता खरोखर या बाजाराच्या हातात आहे.

मामा

*

लातूर
७ जून २०१६

ती. मामांस,
जय भीम.

मे महिन्याचे पैसे आले. लिहायचं नव्हतं, पण तुम्हाला सोडून हे कोणाला सांगू?

धुरपताबाईंचे साडेतीनशे. बसलिंगप्पांचे चारशे. अण्णारावांचे पाचशे वीस. जे होते तेच. कोणी एक रुपया कमी केला नाही, कोणी वाढवला नाही. काहीच देऊ नका असं मी छापून सांगितलं होतं.

मला वाटलं तुम्ही पुन्हा काहीतरी केलंत. म्हणून तुम्हाला न कळवता बसलिंगप्पांना फोन केला. ते आधी माझ्यावरच घसरले. ‘तुमच्या चिठ्ठीत काय डाव हाय, सायेब? ठरल्या भावाला कामून हात लावून राहिलात? आज म्हनता काईच देऊ नका, उद्या म्हनाल दोन हजार द्या. आमी न्हाई फसनार. ठरलं ते ठरलं.’

मग धुरपताबाईंना फोन लावला. त्यांना समजावून सांगितलं, मावशी, तो हजाराचा आकडा खोटा होता. त्या म्हणाल्या, ‘आसंल. हजार मास्तराचे खोटे आसतील. साडेतीनशे माझे हायत. म्या भांडून आनलेत.’

मी फोन ठेवला. मामा, मला वाटत होतं आपली किंमत आपण ठरवायची म्हणजे एकट्यानं, गुपचूप, मनातल्या मनात. या माणसांनी ती ओट्यावर बसून, गल्लीला ऐकवून, उठून चालायला लागून ठरवली. पण ठरवली त्यांनीच. मी मोकळीक देऊन राहिलो होतो, आणि ती त्यांनी आधीच घेतलेली होती.

तुमचं वागणं मला अजून पटलेलं नाही. मला विचारायला पाहिजे होतं. ते दुखलं, अजून दुखतं.

काल रेवणसिद्ध घरी आले. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, ‘ते काय ते शेवटचं सांगून टाका, जिवाला घोर लागला.’ मी ‘पटेल...’ एवढं म्हणतोय तोवर आईनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, ‘पंधराशे!’ ते तिथंच चपला काढून आत आले.

मी लातुरातच आहे. पाणी अजून रेल्वेनंच येतं.

श्रीमंत

*

कंधार
१५ जून २०१६

चि. श्रीमंत यास,
शेषेमामाचा जय भीम.

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं. मी म्हटलं, हळू वाच. कारण नांदेडहून मशीन आलंय. पहिल्या दिवशी मला चिमण्यांचा त्रास झाला, दुसऱ्या दिवशी मामीचा. आता सवय झाली आहे. ओट्यावर लोक अजून ओरडूनच बोलतात. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

अण्णाराव परत चहाला यायला लागला. नवा जिल्हा अजून झालेला नाही, पण तुझ्यावरचा त्याचा संशय गेला असं समजू नकोस. तो म्हणतो, पोरगं लई सरळ हाय, म्हंजे नक्की काहीतरी हाय.

एक काम आहे. मामीच्या बीपीच्या गोळ्या, माझ्या गुडघ्याच्या, शिवाय डोळ्यांत घालायचे थेंब, यांच्या तारखा माझ्या ध्यानात राहात नाहीत. माझ्या मोबाईलमध्ये ते तुझं शिल्लक बसवायचं आहे. तुला सवड काढून यावं लागेल.

मला ‘पटेल ते’ चालणार नाही. तू माझ्यासमोर ओट्यावर बस आणि चांगला दणदणीत आकडा सांग. मी कपाळाला हात लावीन, तुझ्या बापापर्यंत जाईन, आणि उठून चालायला लागेन. तू मला हाक मार.

आता ऐकू येतं.

तुझा,
शेषेमामा